कोपऱ्यातली माती

घरात एक माणूस नकोसं झालं की घर कसं बोलायला लागतं, ते तुम्हाला मी काय सांगू मंडळी! भांडं जरा जोरात आपटतं. भाकरी हातात न देता ताटात टाकली जाते. नाव घेऊन हाक मारणं बंद होतं, आणि मग नुसतं ‘ती’ उरतं.

एरंडोलजवळच्या एका खेड्यात लोटनच्या घरी असंच चाललं होतं. सत्त्याऐंशी सालची, दिवाळीनंतरची गोष्ट. लोटन एरंडोलला कापसाच्या जिनात कामाला. दिवसभर कापूस ओढायचा आणि संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन एसटीनं घरी यायचा. घरात बायको यशोदा आणि थोरली बहीण कलाबाई. कलाबाईचा नवरा वर्षापूर्वी वारला, सासरच्यांनी बोचकं हातात दिलं. ती माहेरी आली, आणि आठच दिवसांत यशोदाचं पहिलं बाळ मेलेलं जन्मलं.

झालं! गावानं दोन गोष्टींची गाठ मारून टाकली. पांढऱ्या पायाची आली आणि लेकरू खाल्लं. यशोदाही तेच धरून बसली. आणि लोटन? तो काहीच बोलला नाही. त्याचं ते न बोलणं ध्यानात ठेवा मंडळी, पुढं लागणार आहे.

आता यशोदाला पुन्हा पाचवा महिना लागला होता. अशात एक दिवस कलाबाई कापूस वेचून आली, आणि पोटाशी बांधलेल्या झोळीतून तिनं कापसासोबत एक जनावर बाहेर काढलं. सरडगुहिरा! साधा सरडा नव्हे, तो जाडसर, वितीपेक्षा मोठा, शेपूट गुंडाळून बसणारा, रंग बदलणारा.

“अक्का, हाई काय लयनी तू?” लोटन मागं सरकला.

“वावरमा गडी काठ्या लिसन मांगे लागनात रे. पाय दुखायेल शे बिचारीना. चार दिन राहू दे, मग सोडी देसू.”

“घरमा ठेवस? लोके काय म्हणतीन?”

“लोके माले बी काय काय म्हणतस. तू ठेवं ना माले!”



कलाबाईनं मधल्या घरात बाभळीची एक वाळकी फांदी उभी केली आणि जनावर तिच्यावर बसवलं. आता सरडा पाळायचा म्हणजे काय, हे त्या घरात कोणाच्या बापाला ठाऊक होतं? तिनं वाटीत पाणी ठेवलं. जनावर वाटीकडं बघेना. दूध ठेवलं, भाकरीचा चुरा ठेवला. तसाच. दोन दिवस ते उपाशी, आणि तिला घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं फांदी तुळशीजवळ उन्हात ठेवली आणि तुळशीला पाणी शिंपडलं. पानावर थेंब लोंबले. जनावरानं मान लांबवली आणि एकेक थेंब चाटायला लागलं. कलाबाई एकटीच हसली. साचलेलं पाणी ते पीतच नव्हतं, त्याला पानावरचं लागत होतं! मग ती रोज लिंबाचा डहाळा ओला करून फांदीला बांधायची. वावरातून नाकतोडे आणून पुढं सोडायची. ते जनावर वाट बघत निपचित बसायचं, आणि अंगाएवढी लांब जीभ सटकन् जाऊन परत यायची. नाकतोडा गायब.

पण यशोदाला ते जनावर सोसेना. कारण त्याचे डोळे, मंडळी! दोन डोळे दोन दिशेला फिरायचे. एक देवाच्या कोनाड्याकडं, आणि दुसरा हिच्या पोटावर. ती चुलीकडं गेली की तो डोळा चुलीकडं. ती न्हाणीकडं गेली की न्हाणीकडं. आणि त्याची बोटं! सगळी एकमेकांना चिकटलेली, फांदीला अशी घट्ट धरलेली, जशी तान्ह्या लेकराची मूठ.

“ती मूठ देखं का तुम्ही?” ती लोटनला म्हणाली. “तशीच व्हती. आपला पोऱ्यानी.”

लोटननं तोंड धुवायचा तांब्या उचलला आणि बाहेर गेला.

दहाव्या दिवशी जनावरानं खाणं सोडलं. अंगावरचा हिरवा रंग गेला, काळपट झालं, त्यावर पिवळे ठिपके उमटले. आणि दिवेलागणीला ते फांदीवरून खाली उतरलं. त्याची चाल बघितली आहे का कधी? एक पाऊल टाकायचं, मग पुढं-मागं झुलायचं, वारं आलेल्या बाईसारखं. तसंच झुलत झुलत ते मधल्या घराच्या कोपऱ्यात गेलं आणि खाली उकरायला लागलं.

खर्र... खर्र... खर्र...

यशोदाच्या हातातली चिमणी पडली. काच फुटली, घरात काळोख झाला, आणि त्या काळोखात तो आवाज चालूच!

का घाबरली ती? आपल्याकडं रीत आहे. बाळंतपण झालं की बाळामागून पडणारी वार घरातच कोपऱ्यात खड्डा करून पुरतात. बाळ जगलं काय, न जगलं काय, रीत चुकत नाही. तो कोपरा तोच होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. एवढं मोठं घर, पण जनावर दुसरीकडं कुठं नख लावेना. यशोदा जेवेना, झोपेना, पोटावर दोन्ही हात धरून भिंतीला टेकून बसून राही. कलाबाई जनावराला उचलून फांदीवर ठेवी, की ते पुन्हा खाली.

शेवटी लोटननं मगन भगताला बोलावलं. मगन उंबऱ्यातच थांबला. कोपऱ्याकडं बघितलं, नाक वर करून हुंगलं.

“बोलाई राहिनं ते,” तो हळूच म्हणाला. “खालेवालं बोलाई राहिनं. पहिलं लई गयं, आते दुसरं मांगी राहिनं.”

यशोदानं किंकाळी फोडली.

“उपाय?” लोटननं विचारलं.

“जनावर डाल्याखाले कोंड. परवा अमावस्या शे. दिवा लागताना कोपरा खोदसू, काय निंघस ते देखसू, अन् जनावर जाळी टाकसू. अन् ज्या पायनी ते घरमा उनं...” त्यानं कलाबाईकडं बघितलंही नाही, “तो पाय त्याआगोदर घरना बाहेर काढ. नहीते हाई पोट बी जाई.”

  कलाबाईनं कोंबड्यांचं डालं आणलं, स्वतःच्या हातानं जनावरावर ठेवलं, लोटननं वर दगड ठेवला. मग ती दोन लुगडी घडी करून बोचक्यात बांधायला बसली. लोटन बघत राहिला. तेच बोचकं, वर्षापूर्वीचं.

“कोठे जाशी, अक्का?”

“सुरतले म्हणतस काम भेटस.” गाठ मारता मारता ती म्हणाली, “तू डहाळा वल्ला करीसन तिन्हा डाल्याखाले सारजो. परवालोंग तरी.”

डाल्याखालून आवाज येत होता. पण आता तो फार हळू झाला होता.

अमावस्येच्या दुपारी भिकुबाई आली. भिकुबाई म्हणजे गावची सुईण, सत्तरीची, कमरेत वाकलेली. अर्धं गाव तिच्याच हातावर पडलेलं. महिन्याला एकदा यशोदाचं पोट बघून जायची. तिनं पोट चाचपलं, हुंकार भरला, आणि विचारलं, “डाल्याखाले कोंबडी शे का व?”

लोटननं सगळं सांगितलं. भगत, खालचं बोलावणं, अमावस्या. म्हातारीनं काही न ऐकल्यासारखं करून दगड बाजूला सारला आणि डालं उचललं. जनावर कोळशासारखं काळं, डोळे खोल गेलेले, कूस फुगलेली. भिकुबाईनं ते तळहातावर घेतलं आणि अंगठ्यानं त्याच्या पोटावरून हळूच दाबत गेली, जशी आत्ता यशोदाच्या पोटावरून गेली होती तशीच.

“अरे लोटन्या! अरे गधड्या!” ती ओरडली. “हाई पोटुशी शे! पोटमा अंडाच अंडा शेतस, वालना दानासारखा हाते लागी राहिनात! येना दिन भरी गयात अन् तुम्ही तिले डाल्याखाले कोंडं? मारतात ना तिले!”



“पण... पण तोच कोपरा कसाले?” यशोदानं विचारलं. “बठ्ठं घर सोडीसन तोच कोपरा कसाले व मावशी?”

“कसाले म्हंजे? तुनी घरनी जमीन देख. चोपी चोपी दगड व्हयेल शे, वरथून शेणनं सारवन. ती काय नखघाई दगड फोडी? तो एकच कोपरा खोदेल शे. मी खोदेल शे, मन्हा हातघाई. तठे काय शे ते मगनले ठाऊक नही, माले ठाऊक शे. तठे नरम माटी शे. तिले अंडा घालाले नरम माटी पाहिजे. बस!”

यशोदाचा बांध फुटला. “मग मन्हा पोऱ्या कोनी खादा?”

 भिकुबाईनं लोटनकडं बघितलं.  वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा दोघांच्या मध्ये पडला होता.

“सांग तिले,” म्हातारी म्हणाली. “का मी सांगू?”



मंडळी, ते न बोलणं आठवतंय ना? वर्षापूर्वी यशोदाचं पोट दुखायला लागलं, तेव्हा भिकुबाईनं अंगणात त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मूल आडवं आहे, माझ्या हातातलं काम नाही, आत्ताच्या आत्ता एरंडोलच्या दवाखान्यात ने. आणि लोटन म्हणाला होता, आज जिनाचा पहिला दिवस, आज खाडा केला तर मुकादम दुसरा माणूस घेईल, उद्या नेतो. उद्या उजाडेपर्यंत बाळ गेलं होतं.

“मी सांगं व्हतं का नही तुले?” भिकुबाईनं विचारलं.

“सांगं व्हतं,” लोटन म्हणाला. “मी लई नही गऊ. कोनी नही खादा वो तुना पोऱ्या. मीच उशीर करा. अन् लोकेसनी अक्कानं नाव लिधं ते... माले बरं वाटनं. माले कोनी काही इचारं नही.”

एवढं बोलून तो गडी लहान पोरासारखा रडायला लागला!

भिंतीजवळ कलाबाई उभी होती, बोचकं काखेत. वर्षभर ज्या पापाचा बोजा ती वाहत होती, ते तिचं नव्हतंच.  ती एवढंच म्हणाली, “आगोदर हिले माटीवर ठेवा रे. बाकीनं मांगून देखू.”

भिकुबाईनं जनावर कोपऱ्यात ठेवलं. कलाबाईनं ओंजळभर पाणी शिंपडलं. बराच वेळ काही झालं नाही. मग तोच आवाज आला. खर्र... खर्र... तोच, पण आता कोणी घाबरलं नाही. संध्याकाळपर्यंत ती मादी खोदत राहिली, खड्ड्यात पाठमोरी बसली, आणि मागच्या पायांनी माती लोटून खड्डा बुजवला. दाबूनही घेतला, अगदी बाईमाणसासारखा. फांदीवर चढली तेव्हा पोट पार आत गेलेलं आणि अंगावर पुसट हिरवा रंग परत आलेला.

दिवा लागताना मगन भगत कुदळ घेऊन आला. दारात यशोदाच आडवी उभी होती.

“भगत, कुदळ बाहेरच ठेवा,” ती म्हणाली. “मधमा कोनी खोदाव नही. तठे तिना अंडा शेतस.”

मग मागं वळून तिनं हाक मारली. वर्षानं मारली.

“अक्का! बोचकं सोडा. भाकर टाकी राहिनू, बसा.”

दुसऱ्या दिवशी लोटननं जिनाचा खाडा केला. मुकादम काय म्हणेल ते म्हणो. तिघंही एसटीनं एरंडोलच्या दवाखान्यात गेली, यशोदाचं नाव नोंदवलं. आठवड्यानं जनावराचा पाय बरा झाला तेव्हा कलाबाईनं ते अंगणातल्या लिंबावर सोडलं. पानांत ते असं मिसळलं की कुठं गेलं ते कळलंच नाही.

मंडळी, आपल्या घरातही असा एखादा कोपरा असतो. तिथं आपलीच चूक पुरलेली असते आणि वरून आपण सारवून घेतो. मग कोणी विधवा, कोणी मुकं जनावर तिथं नुसतं फिरकलं तरी आपण ओरडतो, अपशकुन! अरे, अपशकुन कशाचा? आधी आपला हात कशानं माखलाय ते बघा. माणूस घराबाहेर काढण्याआधी एकदा विचारा, खरं काय झालं होतं? आणि ज्याला ठाऊक आहे त्यानं गप्प बसू नका. तुमच्या गप्प बसण्याचं ओझं दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जातं.

त्या कोपऱ्यात पुढं कितीतरी महिने कोणी पाय दिला नाही. नवा पाहुणा आला की यशोदाच सांगायची, “तठे नका बसू हां, तठली माटी नरम शे.”