तीन राण्या

जुगारघरातल्या दुपारच्या पोकरच्या डावात ग्रेशन इरिबारच्या उजव्या डोळ्यात कोपऱ्यातून काळोख चढायला लागला, तेव्हा आधी त्याला वाटलं, दिव्याखाली कुणीतरी उभं राहिलंय. त्याने मान वळवली. काळोखही वळला.

सकाळी दाढी करताना त्याच डोळ्यात ठिणग्या उडाल्या होत्या. थंडीमुळे असेल म्हणून त्याने ते मनावर घेतलं नाही. डावा डोळा तर लहानपणीच कुंपणाच्या तारेने निकामी केलेला. उजेड कळायचा, एवढंच. जे काही बघायचं ते उजव्यानेच. एल्को गावाजवळच्या सोन्याच्या खाणीत तो घराएवढाले ट्रक चालवायचा ते या एका डोळ्याच्या जोरावर, आणि ही गोष्ट दरवर्षीच्या तपासणीत त्याने कशीबशी निभावून नेली होती.

टेबलावर पत्ते वाटायचं काम करणाऱ्या डार्लीनने पत्ते वाटले. ग्रेशनने कोपरे उचलून पाहिले. लाल आहे एवढं समजलं. बदाम की चौकट, सत्ती की अठ्ठी, काही कळेना. त्याने पत्ते फेकून डाव सोडला. पुढचेही फेकले. उठावं, तर भिंतीपर्यंत नीट चालता येईल की नाही याची खात्री नव्हती.

उजवीकडे बसलेली वोनेटा स्टॉर्क गुरांच्या लिलावात बोली पुकारायची. तिच्या नजरेतून वासराचं लंगडणंही सुटत नसे. "आज झोपेत आलायस का?" तिने विचारलं. ग्रेशन नुसता हसला.

पोकरच्या प्रत्येक डावात दोघांना पत्ते बघण्याआधीच पैसे लावावे लागतात. ते सक्तीचं. त्यांच्या डावीकडच्या तिसऱ्याला मात्र, मनात आलं तर, दुप्पट रक्कम आंधळेपणी लावता येते. त्याला स्ट्रॅडल म्हणतात. बदल्यात पहिल्या फेरीत त्याने सगळ्यांच्या शेवटी बोलायचं, आणि वाटलं तर बोली वाढवायची. कुणी जबरदस्ती करत नाही. म्हणूनच ग्रेशनने आजवर ते कधी केलं नव्हतं. उगाच अंगावर घेतलेला दंड, असं तो म्हणायचा.

पण आता त्याच्या मनात भलताच हिशोब चालू होता. स्ट्रॅडल लावलं की पत्त्यांकडे बघितलं नाही तरी कुणाला नवल वाटणार नाही. माणूस आंधळा खेळतोय म्हणून चारचौघं हसतील, आणि तेवढा वेळ निभावेल. त्याची पाळी आली तशा त्याने बोटांनी चाचपून पैशांच्या चकत्या पुढे सरकवल्या.

"स्ट्रॅडल," डार्लीन म्हणाली. तिलाही आश्चर्य वाटलं असावं. टेबलावर हशा पिकला. आज सूर्य पूर्वेला, युटाहच्या बाजूने उगवला नाही वाटतं, असं कुणीतरी म्हणालं. वोनेटा मात्र हसली नाही.

पहिल्या फेरीत कोडी नावाचा खाणीतला तरुण आणि वोनेटा एवढेच टिकले. बोली फिरून ग्रेशनपाशी आली. त्याने टेबल थोपटलं, म्हणजे वाढवत नाही. मधोमध सगळ्यांच्या सामाईक पत्त्यांपैकी तीन उघडले. त्याला तीन पांढरट डाग दिसले, आणि त्यांच्यावर सरकत येणारी काळी कड. वोनेटाने थोपटलं, त्यानेही थोपटलं. कोडीने पैसे लावले. वोनेटाने पत्ते टाकले.

आताही पत्ते टाकून दिले तर ही बाई काहीतरी विचारणार, या भीतीने ग्रेशनने कोडीच्या बरोबरीच्या म्हणून काही चकत्या ढकलल्या. लाल समजून उचललेल्या त्या हिरव्या, पाचपट किमतीच्या होत्या. बोली कितीतरी पट वाढली. कोडी घुटमळला, पण टिकला. पुढचे दोन्ही पत्ते उघडले तेव्हा दोघांनीही टेबलच थोपटलं. शेवटी ग्रेशनने आपले पत्ते उघडे करून ठेवले.

"तीन राण्या," डार्लीन म्हणाली.

कोडीचा चेहरा लालबुंद झाला. "तीन राण्या घेऊन थोपटत बसलास, म्हाताऱ्या? मला खेळवतोयस?"

ग्रेशनने आवाजाच्या दिशेने तोंड फिरवलं. "कुणाच्या?" त्याने विचारलं.

डार्लीनने चकत्यांचा ढीग त्याच्याकडे सरकवला. तो हाताला लागेपर्यंत ग्रेशनला आपण जिंकल्याचं कळलं नव्हतं.

तो उठला. संडासला जाऊन येतो म्हणाला आणि भिंतीला हात लावत उलट्या दिशेने, बाहेरच्या दाराकडे गेला. बाहेर बर्फाचा उजेड होता. त्याने गाडी शोधली, पण किल्ली काही कुलपात जाईना.

मागून वोनेटाचा हात आला आणि तिने किल्ली काढून घेतली.

"तुला दिसत नाहीये."

"दिसतंय. किल्ली दे."

"दिसतंय तर सांग, ही गाडी कुणाची आहे?"

ग्रेशनने दारावर हात फिरवला. त्याच्या गाडीच्या दाराला होता तो पोचा इथे नव्हता. दाराला टेकून तो खाली बसला.

"आइता असाच बसायचा," तो म्हणाला. घरच्या भाषेत वडिलांना आइता म्हणत. मेंढ्या विकल्यावर, डोळे गेल्यावर ते खिडकीपाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिवस आहे की रात्र ते विचारायचे. "मला तसं बसवू नकोस, वोनेटा."

"इथे बर्फात तर मुळीच बसवणार नाही. ऊठ."

गावातल्या डॉक्टरांनी डोळ्यात बत्ती मारली आणि लगेच सॉल्ट लेकच्या मोठ्या इस्पितळात फोन लावला. डोळ्याच्या मागचा पडदा सुटत होता. वोनेटाने आपली गाडी काढली. वाटेतल्या मिठाच्या मैदानावर वारा गाडीला ढकलत होता. ग्रेशन तिला राहून राहून रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवत होता. काही खऱ्या, काही अंदाजाने. काळोख नजरेच्या मध्यापर्यंत आला तेव्हा तो वाचायचा थांबला. तिने वेग वाढवला.

शस्त्रक्रियेनंतर त्याला बरेच दिवस पालथं पडून राहावं लागलं, डोळ्यात भरलेला वायू पडद्याला टेकावा म्हणून. वोनेटा येऊन बसे, तेव्हा त्याला तिचे फक्त बूट दिसायचे. पण दिसायचे.

निम्म्याहून अधिक नजर वाचली. ट्रक मात्र गेला. खाणीने त्याला टायरच्या कोठारात काम दिलं. अजूनही सकाळी जाग आली की तो डोळे लगेच उघडत नाही. हीटरचा आवाज ऐकत पडून राहतो, आणि मग एकदम उघडतो.