मी वाहिलेले बहीणभावाचे रक्त

मित्रांनो, मी एक जुनी निळी शीतपेटी आहे. अकोल्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. काही वर्षे मी गावोगाव पोलिओचे डोस नेले. मग झाकणाची कडी तुटली आणि मी अडगळीत पडले. माहेनूरने मला तिथून उचलले, कडीच्या जागी पट्टा बांधला आणि अमरावतीला राजापेठेतल्या प्रयोगशाळेत आणले. ती तिथे रक्त तपासते. तेव्हापासून मी रक्ताच्या नळ्या वाहते.

एका फेरीची आठवण झाली, की आजही मला आनंद आवरत नाही.

दर्यापूरचे शालिकराम कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला होते. हिपॅटायटिस सी नावाच्या विषाणूने त्यांचे यकृत कडक होत चालले होते, पाय सुजत होते. लहानपणी त्यांना आणि त्यांची बहीण लीलाबाई यांना एकाच दिवशी, एकाच न उकळलेल्या सुईने तापाचे इंजेक्शन दिले होते. विषाणू दोघांच्याही रक्तात शिरला. पण लीलाबाई ठणठणीत होत्या. त्यामुळे गाव म्हणे, सुई एक, आईबाप एक, मग याचेच यकृत कसे बिघडले? हा चोरून दारू पीत असणार. हळूहळू त्यांच्या मुलीलाही, आचललाही, तसेच वाटू लागले. ती वडिलांशी बोलेनाशी झाली. शालिकरामांनी दवाखान्यात जाणेच सोडले.

एकाच घरात एक आजारी आणि दुसरा ठणठणीत, अशाच घरांचा प्रयोगशाळेतल्या डॉक्टर पौर्णिमा अभ्यास करत होत्या. माहेनूर मला घेऊन दर्यापूरला गेली.

"भाऊ, थोडं रक्त द्या," ती म्हणाली.

"काहून देऊ? गावानं तर निकाल देऊन टाकला," शालिकराम म्हणाले.

लीलाबाईंनी आपली बाही वर केली. "मायं बी घे पोरी. मी चांगली काहून, हे मले बी समजलं पाह्यजे."

बहिणीने हात पुढे केला, तेव्हा भावानेही केला.

मे महिना होता. परतताना जीप तापून अर्ध्या वाटेत बंद पडली. माझ्यातला बर्फ वितळू लागला. रक्त तापले असते तर विषाणू मोजताच आला नसता, आणि शालिकरामांनी पुन्हा हात पुढे केला नसता. माहेनूर मला कडेवर घेऊन धावत रस्त्यावरच्या रसवंतीवर गेली.

"कोणाचं रक्त हाय बेटी?" मालक इनायतुल्लांनी विचारले.

"बहीणभावाचं, चाचा."

त्यांनी बर्फाची उरलेली सगळी लादी फोडून माझ्यात भरली. त्या दुपारी त्यांच्या गिऱ्हाइकांनी बिनबर्फाचा रस प्यायला. जीप निवल्यावर आम्ही निघालो, आणि नळ्या मात्र थंडगार पोचल्या.

महिन्याभराने अहवाल आला आणि प्रयोगशाळेत सगळे उठून उभे राहिले. लीलाबाईंच्या रक्तात विषाणू नव्हताच, फक्त तो येऊन गेल्याची खूण होती. त्यांच्या शरीराने औषधाशिवाय त्याला हाकलले होते. विषाणूशी लढायला शरीराला जागे करणाऱ्या जनुकात दोघांमध्ये एका अक्षराएवढा फरक होता. शिवाय यकृतावर लवकर व्रण पाडणारा आणखी एक बदल एकट्या शालिकरामांच्या वाट्याला आला होता. जनुकेच सगळे ठरवत नाहीत, पण पारडे झुकवतात, असे डॉक्टर पौर्णिमांनी सांगितले.

माहेनूरने हे दर्यापूरला जाऊन समजावले. आचल दारात उभी राहून ऐकत होती.

"म्हणजे बाबांनी काही केलं नाही?"

"नाही. आईबापाकडून काय घ्यायचं, हे कोणाच्या हाती नसतं. अन् त्यायनं दारू घेतली असती, तरी आमी औषध दिलंच असतं."

आचल आत आली आणि वडिलांच्या सुजलेल्या पायांशी बसली. मग म्हणाली, "बाबा, उद्या दवाखान्यात मी येते तुमच्यासंगं."

शालिकरामांनी बारा आठवडे गोळ्या घेतल्या. त्यानंतर तीन महिन्यांनी मी पुन्हा त्यांचे रक्त नेले. विषाणू गेला होता! यकृतावरचे व्रण आहेत, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी असते. आचल एकही चुकू देत नाही.

मित्रांनो, एका घरातली दोन माणसे आतून वेगळी असू शकतात. तेव्हा कोणी आजारी पडले, तर त्याच्या वागण्यावर बोट ठेवण्याआधी त्याला दवाखान्यात न्या, त्याच्या शेजारी बसा. रक्त पोचवायचे काम माझे.