रांगेबाहेरचं झाड

१८२९ सालच्या मे महिन्यात एका सकाळी लँकशायरमधल्या हेसलडेन हवेलीच्या म्हाताऱ्या धोबिणीने, सिसिलीने, ओली चादर रांगेबाहेरच्या यूच्या, त्या सदाहरित, झाडावर पसरली आणि स्वतः बुंध्याला टेकून बसली. समोर तिचा भाचा गिल्बर्ट करवत घेऊन उभा.

"आत्ये, ऊठ. झाड आज पाडायचंय."

"चादर वाळू दे."

"काल पण हेच म्हणालीस!"

"काल ऊन कुठं होतं?"

एके काळी या झाडावर चादर दिसली की आसपासच्या कॅथलिकांना कळायचं, पाद्री आलेत, कोठीच्या माळ्यावर चोरून मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, आहे. आता त्या चोरीची गरज उरली नव्हती. महिन्यापूर्वी कायदा बदलून कॅथलिकांवरची बंधनं उठली होती आणि तरुण मालक सर ऑसवल्ड टेकडीवर उंच मनोऱ्याचं चर्च बांधत होते. त्यांना हवेलीच्या दारातून थेट वेदीपर्यंत सरळ रस्ता हवा होता. त्यांच्या पणजोबांनी येशूच्या बारा प्रेषितांच्या नावाची बारा झाडं लावलेली. अकरा एका ओळीत, बारावं मात्र नेमकं रस्त्यात. गावातली पोरं त्याला येशूला दगा देणारा यहूदा म्हणत आणि येताजाता दगड मारत.

सर ऑसवल्ड हातात कागदाची सुरळी घेऊन आले.

"सिसिली, अगं त्या विश्वासघातक्याला सावली कसली देतेस?"

"सावली तोच देतोय मला, धाकटे मालक."

ते हसले. त्यांनी कागद उलगडला. चर्चच्या दारावर कोरायची ओळ होती: 'या घराण्याने प्रभूला कधी नाकारलं नाही.'

सिसिलीने ती ओळ त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतली. ओल्या हातांनी परकर नीट केला.

"गिल्बर्ट, जा, करवतीला धार लावून आण."

"धार आहे की, आत्ये."

"अजून लाव."

तो कुरकुरत गेला. आजीला दिलेला शब्द पन्नास वर्षं तिने जिभेखाली धरला होता.

"मालक, यहूदा मेल्यावर त्याच्या जागी मत्थिया आला. तो त्या ओळीत आहे. मग बाहेर कोण?"

"कोण?"

"प्रभूला ओळखत नाही म्हणाला, अन् कोंबडा आरवल्यावर बाहेर जाऊन रडला, तो."

"पेत्र?" ऑसवल्डच्या कपाळावर आठी पडली. "त्याला बाहेर का उभं केलं?"

"सतराशे सोळात कॅथलिक राजासाठीचं बंड फसलं. आपल्या लोकांच्या जमिनी जप्त होऊ लागल्या. तुमचे पणजोबा एका रविवारी राजाच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये गेले, शपथ घेतली, त्यांची भाकर खाल्ली. जमीन राहिली. परत आले ते थेट माझ्या आजीच्या धुण्याच्या हौदापाशी. तोंड धूत राहिले, धूत राहिले. त्या हिवाळ्यात ही झाडं त्यांनी स्वतःच्या हातांनी लावली. आजी म्हणाली, हे एक चुकलं, ओळीत घ्या. ते म्हणाले, नको, मला आत उभं राहायचं तोंड नाही. पण पाद्री आले की चादर याच्यावरच टाकत जा."

ऑसवल्ड वर बघत राहिले. चादरीतून पाणी ठिबकत होतं. एक थेंब कागदावर पडला, शाई फुटली. त्यांनी तो पुसला नाही.

"अजून कुणाला ठाऊक आहे?"

"तुम्हाला."

गिल्बर्ट परतला तेव्हा मालक निघून गेले होते.

"काय ठरलं मग?"

"चादर वाळली नाही अजून," सिसिली म्हणाली.

हेसलडेनचा रस्ता आजही त्या झाडाला वळसा घालून चर्चला जातो. चर्चच्या दारावर फक्त साल कोरलंय. बाकीचा दगड कोरा. आत्याने चादरीच्या धाकाने मालकांना नमवलं, असं गिल्बर्ट मरेपर्यंत सांगत राहिला. सर ऑसवल्ड म्हातारे होऊन गेले. त्या झाडाला दगड मारणाऱ्या पोराला मात्र त्यांनी पिळलेला कान आठवायचा.

सिसिली पुढच्याच हिवाळ्यात गेली. तिच्या अंत्यविधीच्या मिस्साच्या सकाळी झाडावर चादर होती. धुणंघरातल्या कुणीच ती टाकली नव्हती. एक कोपरा चिखलात लोळत होता, घडीच्या रेघाही तशाच होत्या. जन्मात कधी चादर वाळत न घातलेल्या माणसाने पसरावी, तशी.