उलट्या बाजूचे आकडे

मित्रांनो, मी एक जुनी, माप घ्यायची टेप आहे. साठ इंच लांब, दोन्ही टोकांना पितळी पट्टी. माझ्या दोन्ही बाजूंना आकडे आहेत, पण ते विरुद्ध टोकांपासून सुरू होतात. बाजू चुकली की छत्तीसचे चोवीस होतात. एवढं लक्षात ठेवा, माझं सगळं रडगाणं त्यातच आहे.

आधी मी शिवणवाल्या बाईंच्या आईच्या गळ्यात होते. म्हातारपणी तिला पोटच्या लेकीचं नावही आठवेना. मग मी बाईंकडे आले. त्यांचं काय सांगू! एकदा घेतलेलं माप वर्षानुवर्षं तोंडपाठ. गिऱ्हाइकं म्हणायची, "बाई, तुम्हाला वही कशाला लागते?"

त्या डोक्याने सोसलंही फार. लहानपणी बापाचा मार खाल्ला. पुढे कारखान्यातल्या स्फोटात नवरा गेला, तेव्हा त्याचा शर्ट मशीनवर होता, एक बाही लावायची राहिलेली. बाईंनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. चौथ्या दिवशी मला गळ्यात अडकवून त्या कामाला बसल्या.

साठी उलटली आणि त्यांनी एका तरण्याताठ्या माणसाची छाती चोवीस लिहिली. चोवीस! मी मेली किती वळवळले, पण टेपला कुठलं आलंय तोंड?

शेजारीण म्हणाली, "खाण तशी माती. आईपण अशीच झाली होती."

ते बाईंच्या लेकीला लागलं. तिने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "काही रक्तातून येतं, काही सोसण्यातून. कशाचा वाटा किती, ते नाही सांगता येत."

"आणि माझं काय?"

"धोका आहे. म्हणजे होईलच असं नाही."

आता बाई रोज लेकीला समोर उभं करतात आणि नवरा समजून तिचं माप घेतात. "हात सरळ ठेवा हो, एवढी बाही लावली की झालं." लेक हात सरळ ठेवते.

काल लेकीने एका गिऱ्हाइकाचं माप घेतलं. छाती चोवीस लिहिली. मग वहीकडे बघतच राहिली. "दमलेय, दुसरं काही नाही," असं ती स्वतःशीच तीनदा म्हणाली.

दमलीच असेल. देवा, दमलीच असू दे!

मित्रांनो, माझ्या हातात काही नाही, तुमच्या आहे. घरात कुणाचा आकडा चुकला तर हसू नका, त्याची खाण उकरू नका. त्याने काय सोसलंय ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसा. माझं एक टोक या पोरीने घट्ट धरलंय. दुसरं जमिनीवर लोळतंय. कुणीतरी धरा हो ते!