ठोका सावकाश म्हणजे मुलगा

मित्रांनो, मी लाकडाची एक जुनी नळी आहे. एका टोकाला वाटीसारखं रुंद तोंड, दुसऱ्या टोकाला चपटी चकती, मधे आरपार भोक. गरोदर बाईच्या पोटावर माझं रुंद तोंड टेकवायचं आणि चकतीला कान लावायचा, की आतल्या बाळाच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. आयुष्यात एवढं एकच काम मला दिलं होतं, आणि त्यातच मी माती खाल्ली. आज मला काचेच्या कपाटात ठेवलंय. येणारे-जाणारे कौतुकानं बघतात. मला मेलीला तोंड लपवायला जागा सापडत नाही.

माझा जन्म आष्ट्याचा. तिथले शमशेर कातारी लाटणी, पाळण्याचे पाय, भोवरे असं सगळं कातून द्यायचे. त्यांची मुलगी फरीदा नर्स झाली आणि इस्लामपूरजवळच्या एका गावात सरकारी नोकरीवर लागली. सरकारनं तिला ॲल्युमिनियमची नळी दिली होती. ती नळी सायकलवरून पडली आणि तिच्यावरून उसानं भरलेली बैलगाडी गेली. झाली चपटी! मग फरीदा ते चेपलेलं ध्यान घेऊन बापाकडं आली.

"अब्बा, अशीच करा. पन हे लाटनं न्हवं बरं का."

"ठावं हाय गं. लाटनं वाकडं झालं तर चपाती वाकडी हुती. हिच्यातनं जीव ऐकायचाय," शमशेरचाचा म्हणाले. त्यांनी शिसवीचा तुकडा निवडला आणि माझं भोक आतून इतकं गुळगुळीत केलं, की फुंकर मारली तरी अडत नसे. शेवटी मला स्वतःच्याच छातीवर ठेवून फरीदाला ऐकायला लावलं. "चाललंय का?" "चाललंय, अब्बा." "आयला, मग अजून बरीच लाटनी व्हतील!" बापलेक पोट धरून हसले. मीही तेव्हा अंगानं चमकत होते आणि मनानंसुद्धा.

गावात मात्र आम्हाला कुणी उंबऱ्याच्या आत घेईना. "पोटाला पिपाणी लावती म्हनं," असं म्हणून बायका तोंडाला पदर लावायच्या. फरीदाच्या पिशवीत धनुर्वाताचं इंजेक्शन असायचं, रक्तवाढीच्या गोळ्या असायच्या, पण दारच उघडलं नाही तर द्यायच्या कुणाला? मग एकदा एका घरी सासूनं सहज विचारलं, "काय बाई, मुलगा का मुलगी?" फरीदा थट्टेत म्हणाली, "ठोका सावकाश हाय, मुलगा असंल बगा!" आणि नेमका मुलगाच झाला.

झालं! पिपाणीला कळतं, असा गावभर बोभाटा झाला. जी ती बाई हात धरून आम्हाला घरात न्यायला लागली. सावकाश ठोका म्हणजे मुलगा, भरभर ठोका म्हणजे मुलगी, असं फरीदा हसत हसत सांगायची. हे धादांत खोटं आहे हे तिला ठाऊक होतं, पण इंजेक्शनं देऊन होत होती ना! अंदाज चुकला तर बायका विसरून जायच्या आणि बरोबर आला तर वर्षभर सांगत फिरायच्या. गावातल्या बनुबाईंनी तर नागपंचमीला मला हळदीकुंकू वाहिलं. मी नुसती पोकळ नळी, पण फुगून ढोल झाले होते.

सत्त्याहत्तर साली याच बनुबाईंची सून चंद्राबाई दुसऱ्यांदा गरोदर राहिली. पहिली मुलगी होती. नवरा फौजेत, दूर सरहद्दीवर. सातव्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा घराच्या पुढच्या सोप्यात बायकांची ही गर्दी. चंद्राबाई घोंगडीवर आडवी झाली, फरीदानं मला टेकवून कान लावला.

मित्रांनो, पोटातल्या बाळाचं काळीज पळत असतं. या बाळाचं काळीज चालत होतं, तेही थकल्यासारखं. ठोका यायचा, मग वाट बघायला लागायची, मग दुसरा यायचा. आईचीच नाडी ऐकू येते की काय म्हणून फरीदानं चंद्राबाईचं मनगट धरलं. मनगटातली नाडी निराळी चालली होती. म्हणजे हा ठोका बाळाचाच. तिनं घड्याळ धरून मोजलं, तर हवे त्याच्या निम्मेसुद्धा भरेनात. फरीदाचं तोंड उतरलं.

"बनुमावशी, ठोका लय सावकाश हाय..."

"सावकाश!" बनुबाई ओरडल्या. "आगं ऐकलं का गं? मुलगा! आना ती साखर!"

"आवं तसं न्हवं, मावशी. हे सावकाश निराळं हाय. हिला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात दाखवाया पायजे."

"निराळं कसं? तुमीच म्हनला व्हता न्हवं, सावकाश म्हंजी मुलगा? मग मुलगा असून मिरजेला कशापायी? उगं दृष्ट लावू नगा, बाई."

सगळा सोपा खदखदून हसला. आता फरीदानं एवढंच म्हणायचं होतं, 'बायांनो, मी आजवर थापा मारल्या. मुलगा-मुलगी मला काही कळत नाही.' ते शब्द तिच्या ओठावर आलेले मी पाहिले. पण इतक्या बायकांसमोर खोटं ठरायचं, उघडलेली दारं पुन्हा लागायची, या भयानं तिनं ते गिळले. चंद्राबाईनं तिचा हात घट्ट धरून हळूच विचारलं, "बाई, बाळ बरं हाय न्हवं?"

"बगू पुढल्या खेपंला," फरीदा म्हणाली, आणि तळहातावर ठेवलेली साखर तिनं तोंडात टाकली. मी तिच्या मांडीवर पडून होते. मला कंठ असता तर मी ओरडले असते, पण मला नुसतं भोकच आहे.

पुढं दोन-तीनदा तिनं मिरजेचा विषय काढला. औंदाचा ऊस तुटू दे, मग जाऊ, असं उत्तर मिळालं. आणि मग एका दुपारी घरीच बाळंतपण झालं. मुलगी होती. धड रडली नाही, ओठ निळे, अंग गार. बनुबाईंनी आधी मुलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्या नजरेनं मी जळून गेले. फरीदानं बाळ दुपट्यात गुंडाळलं आणि साखर कारखान्याची जीप मागून बनुबाईंसह मिरज गाठली.

तिथल्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, "ही पोटात असताना कुणी ऐकलं नव्हतं?"

"ऐकलं होतं," फरीदा म्हणाली.

"मग?"

फरीदानं मला पिशवीत खोल ढकललं. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. त्यांनी समजावून सांगितलं, की काळजाचा वरचा कप्पा हाक देतो आणि खालचा त्या हाकेवर ठोका मारतो. या मुलीची हाक वाटेतच अडत होती. असं दुखणं जन्माआधी ओळखता येतं आणि त्यावर मोठ्या शहरांत संशोधन चाललंय. अशा बाळांच्या काही आयांच्या रक्तातच त्याचं कारण असावं असं दिसतंय. "पुढच्या खेपेला या बाईला जपा, बाळाचा ठोका वरचेवर ऐका," ते म्हणाले. "ही इथं जन्मली असती, तर प्रयत्नाला वेळ तरी मिळाला असता."

मुलगी दुसऱ्या दिवशी गेली. तिचं बारसंही झालं नव्हतं.

परतताना जीपमध्ये बनुबाई रिकामं दुपटं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आष्टा मागं पडल्यावर त्या बोलल्या, "बाई, त्या दिवशी तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय, मावशी."

"मग माज्या थोबाडीत मारून का न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली. ते खोटं मीच शिकिवलं व्हतं तुमाला."

त्यानंतर फरीदानं त्याच सोप्यात बायकांना गोळा करून सगळं खरं सांगितलं. काहींनी तोंडावर शिव्या दिल्या, काही घरांची दारं खरंच लागली. ती रोज त्या दारांवरून जायची, मी पिशवीत तोंड खाली करून असायचे.

दोन वर्षांनी एका सकाळी बनुबाई आपणहून फरीदाच्या खोलीवर आल्या. मागं चंद्राबाई होती, पोटुशी. बनुबाईंनी मला उचललं, पदरानं पुसलं. या वेळी हळदीकुंकू वाहिलं नाही. फरीदा कान लावून बराच वेळ ऐकत राहिली. दारातली एक शेजारीण म्हणाली, "काय हाय म्हनायचं, बाई?"

"गप बस गं!" बनुबाई कडाडल्या. मग आवाज बारीक झाला. "बाई, बाळ बरं हाय का?"

फरीदानं त्यांनाच वाकवलं आणि त्यांचा कान माझ्यावर टेकवला. आतलं काळीज दुडूदुडू पळत होतं. बनुबाईंच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या लाकडावर गळलं. मला बरं वाटायला हवं होतं, पण ती बिननावाची मुलगीच आठवत राहिली. हा प्रश्न तिच्या वेळी कुणी का विचारला नाही? चंद्राबाईनं विचारला होता, आणि आम्ही तिला उत्तर दिलं नाही.

मित्रांनो, मग काय झालं, मुलगा की मुलगी, हे आत्ता तुमच्याही ओठावर आलंय, हो ना? ते मी सांगणार नाही. तुमच्या घरात, शेजारी कुणी बाळाची वाट बघत असेल, तर पोटावर कान लावणाऱ्याला ते विचारू नका. एकच विचारा, आणि उत्तर काहीही असो, ते ऐकून घ्या.

चंद्राबाईचं बाळ बरं होतं.