गावचा दर

"पत्ता?" नोकरीच्या कचेरीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारले आणि इरम्माने धाकट्या बहिणीच्या सोलापुरातल्या खोलीचा पत्ता सांगितला.

खोटे बोलताना तिची जीभ अडखळली नाही. का अडखळावी? तिच्या जळकोट गावाजवळ हमरस्ता रुंद होत होता. खडी फोडायला एका बाजूला गावच्या बाया, दुसऱ्या बाजूला नोकरीच्या कचेरीने शहरातून पाठवलेल्या. दगड तेच, ऊन तेच, पण शहरच्या बायांना मजुरी जवळजवळ दुप्पट. शहरात जगायला जास्त लागते, असे ठेकेदार म्हणे. म्हणजे खेड्यात माणसे वारा खाऊन जगतात! पिकते तिथे विकत नाही म्हणतात. इथे तर घामालाही भाव नव्हता. गावच्या दरात इरम्माची चूल एकदाच पेटायची आणि दम्याने खाटेला खिळलेला नवरा महांतप्पा औषधावाचून राहायचा.

ती शहरच्या टोळीबरोबर ट्रकमधून जळकोटला उतरली. गावच्या बायांनी तिला ओळखले, पण एकीनेही मुकादमाला कळू दिले नाही.

तिसऱ्या दिवशी रस्त्याने तिचे चुलतसासरे तात्या आले. सासरा समोर आला की सुनेने चपला काढायच्या, डोक्यावर पदर ओढायचा आणि रस्त्याखाली उतरून उभे राहायचे, ही गावची रीत. इरम्माने हातोडा टाकला, चपला काढल्या आणि पदर ओढून ती खाली उतरली. मग तिला भान आले. शहरच्या बाया हसत होत्या.

मुकादमाने तात्यांना विचारले, ही कोण. तात्यांची छाती फुगली.

"आमची सून हाय, सायेब. लई मर्यादेची."

मुकादम इरम्माकडे वळला. "मग तिकडं बस, गावच्या बायांत. गावचा दर मिळंल."

"दगड त्योच फोडते न्हवं म्या?"

"दगड त्योच. तू गावची."

इरम्माची कानशिले तापली. राग मुकादमाचा होता, ठेकेदाराचा होता. पण सगळ्यात जास्त स्वतःच्या पायांचा, न विचारता खाली उतरणाऱ्या.

तात्यांना काहीच उमगले नव्हते. ते कौतुकाने बघत तिथेच उभे होते. इरम्मा रस्त्यावर चढली. डोक्यावरचा पदर काढून तिने कमरेला खोचला, हातोडा उचलून गावच्या बायांमध्ये बसली आणि घाव घातला. कपची उडून तात्यांच्या धोतराला लागली. तिने ते पाहिले आणि दुसरा दगड पुढे ओढला.