आठ दिवसांचं केशर

त्याला बाजारात सगळे ‘नाक’ म्हणायचे, आणि तेही तोंडावर. मसाल्याच्या घाऊक पेढीत तीस वर्षं केशराची खरेदी त्याच्याकडे होती. त्याने हुंगून मान डोलावली की माल एक नंबरचा. नाही म्हटलं की मग कुणाचा बाप आला तरी भाव वाढायचा नाही. नाक दिसायलाही चांगलं ऐसपैस होतं म्हणा. बायको म्हणायची, “लग्नाच्या फोटोत आधी ते आलंय, मागून तुम्ही.”

थंडी नुकती सुरू झाली होती, तेव्हा एक बाई पेढीत आल्या. पंचवीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या, त्यांचा आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी गावाबाहेरच्या उतारावर केशराचे कंद लावले होते. सोबत धाकटा भाऊ होता. तो सारखा घड्याळ बघत होता.

“काढून आठच दिवस झालेत साहेब,” बाईंनी डबा पुढे सरकवला. “म्हटलं, शिळं कशाला करायचं? एकदम ताजं घेऊन आले.”

नाकाने नेहमीचे सोपस्कार केले. दोन काड्या कोमट पाण्यात टाकल्या. खोटा रंग असता तर पाणी लगेच लाल झालं असतं. इथे पाणी सावकाश पिवळं होत गेलं आणि काड्या लालच राहिल्या. मग चार काड्या कागदावर दाबून पाहिल्या, तेलाचा डाग नाही. चिमटीत मोडल्या तर कट्‌कन मोडल्या. जिभेवर ठेवल्या तर कडू. सगळं जिथल्या तिथे. आता फक्त वास घ्यायचा राहिला होता.

त्याने डबा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि उघडले. पुन्हा मिटले.

“बाई, हे गवत आहे,” तो म्हणाला. “म्हणजे केशर अस्सल आहे, पण वास गवताचा येतोय. रंगापुरतं घेईन, तिसऱ्या भावात.”

“वास कुठे गेला मग?”

“वाळवताना गेला असेल. जमिनीतच नसेल. मी कसं सांगू?”

भावाने घड्याळावरून नजर काढली. “ताई, आपलं ठरलं होतं. एक नंबरचा भाव आला नाही तर उन्हाळ्यात कंद काढून विकायचे आणि जागा मला गोदामाला द्यायची.”

“ठरलंय ना? मग झालं,” बाई म्हणाल्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, तर दोनदा दाबलं. निघताना त्यांनी वळून विचारलं, “तुमचं नाक कधी चुकत नाही म्हणतात. खरं का?”

“आजवर तरी नाही.”

हे असं बोलायची काही गरज होती का? नव्हती. पण माणसाला आपली फुशारकी वेळेवर कुठे आवरते!

पेढीची एक पद्धत होती. परत केलेल्या मालाचा चिमूटभर नमुना छोट्या डबीत बंद करून दोन महिने कपाटात ठेवायचा, पुढे कुणी तंटा केला तर दाखवायला. मुदत संपली की डब्या उघडून रिकाम्या करायच्या. कंडक्टरबाईंच्या डबीची पाळी आली तेव्हा नाकाच्या दुसऱ्या हातात चहाचा कप होता. त्याने अंगठ्याने झाकण उडवलं आणि कप तसाच टेबलावर टेकवला. निम्मा चहा बशीत.

वास असा आला की शेजारच्या टेबलावरची कारकून मुलगी म्हणाली, “अय्या, आज एवढा भारी माल कुठला आलाय?”

डबी अदलाबदल झाली असणार, असं त्याने स्वतःला समजावलं. पण डबीवरची चिठ्ठी त्याच्याच अक्षरात होती: रंग उत्तम, वास नाही. कपाटाची किल्लीही त्याच्याच खिशात. मग त्याने म्हाताऱ्या दलालाला फोन लावला. पेढीला वर्षानुवर्षं माल देणारा हाच.

दलाल आधी पोटभर हसला. “अरे, नवं केशर गवतासारखंच लागतं! बंद डब्यात महिना-दीड महिना मुरलं की मग ते बोलायला लागतं. आमचा माल तीन हात फिरून तुझ्याकडे येतो, तोवर मुरलेलाच असतो. तू ताजं कधी हुंगलंच नाहीस की काय?”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तुला कोण सांगणार बाबा? नाक तू!”

नाकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईने सगळ्यांत चोख माल आणला, तिलाच त्याने गवत विकणारी ठरवलं होतं. आणि आता तिचे कंद जाणार, जमीन जाणार. घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं आणि वर विचारलं, “मला तेव्हा सर्दी झाली होती, असं सांगू का?”

“तुमची सर्दी म्हणजे चार दिवस घर डोक्यावर. झाली असती तर मला आठवली नसती?” बायको म्हणाली. “सकाळची पहिली बस पकडा आणि खरं काय ते सांगून या.”

चिठ्ठीवर गावाचं नाव होतं. बसमध्ये अडीच तास त्याने बहाणे घोकले: त्या दिवशी हवा दमट होती, आधी लवंगा हुंगल्या होत्या, डबा पत्र्याचा होता. प्रत्येक बहाणा आधीच्यापेक्षा भिकार. आणि मनात एकच धास्ती, की बाईंनी एव्हाना ते केशर रंगापुरतं कुणाला तरी देऊन टाकलं असेल.

उतारावर कंदांची पात हिरवीगार उभी होती आणि तिच्या कडेने भाऊ खुंट्या ठोकत, टेप लावून जागा मोजत होता. त्याच्याकडे न बघता नाक थेट घरात शिरला. बाई स्वयंपाकघरात डाळ निवडत होत्या.

“केशर विकलंत?” नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम हेच.

“तुम्ही होय! नाही विकलं. तिसऱ्या भावात द्यायला जीव होईना. पडलंय कपाटात.”

“मधे उघडून पाहिलंत?”

“कशाला?” बाई म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात ना वास नाही.”

सगळ्या प्रवासात त्याला एवढी लाज वाटली नव्हती. स्वतःच्या हाताने खुडलेलं, निवडलेलं, वाळवलेलं केशर, आणि त्याच्या एका शब्दावर बाईंनी ते पुन्हा नाकाशीसुद्धा नेलं नव्हतं.

“आता उघडा,” तो म्हणाला. “माझ्यासमोर उघडा.”

बाईंनी डबा आणला, झाकण काढलं आणि वाकल्या. बराच वेळ त्या तशाच वाकून राहिल्या. वर बघितलं तेव्हा डोळे भरून आले होते. “अगं बाई,” त्या एवढंच म्हणाल्या, आणि मग खिडकीतून त्यांची ती शेवटच्या सीटपर्यंत जाणारी हाक गेली, “अरे, इकडे ये आधी!”

भाऊ टेप हातात घेऊनच आला. त्यालाही हुंगायला लावलं. “हे आपलं?” त्याने विचारलं. मग नाकाकडे वळून डोळे बारीक केले. “तेव्हा गवत म्हणालात. आता एक नंबर म्हणाल. तुमचं कुठलं खरं धरायचं?”

बहाणे सगळे रांगेत उभे होते. दमट हवा, लवंगा, पत्र्याचा डबा.

“आताचं,” नाक म्हणाला. “तेव्हा मी चुकलो. नवं केशर मुरावं लागतं, ते मला माहीतच नव्हतं. तीस वर्षांत माहीत नव्हतं. भाव पहिल्या प्रतीचा, सगळ्या मालाला.”

मग भावाने टेपचं बटण दाबलं आणि ती सर्रकन आत गेली. “ठरलं म्हणजे ठरलं,” तो ताईला म्हणाला. “गोदामाचं बघू दुसरीकडे कुठेतरी. खुंट्या काढतो.”

“काढ. आणि पात तुडवू नकोस, कडेकडेने जा,” बाईंनी डोळे पुसत हुकूम सोडला. मग नाकाला म्हणाल्या, “बसा. चहा टाकते.”

तो बसला. थोड्या वेळाने चाचरत म्हणाला, “पुढच्या फुलांना मी आलो तर चालेल का? ताजं कसं लागतं ते शिकून घेईन म्हणतो.”

“पहाटे चारला यावं लागेल. आणि हुंगायला नाही, खुडायला. ऊन चढलं की फुलं मान टाकतात.” बाई थबकल्या. “फूल पाहिलंय ना तुम्ही केशराचं?”

नाकाने चहाच्या आधणाकडे बघितलं, मग जमिनीकडे.

“फोटोत,” तो म्हणाला.

बाई अशा हसल्या की बाहेर खुंट्या उपटणाऱ्या भावाने मान वर केली, आणि काय झालंय ते कळायच्या आत तोही हसायला लागला.